डावरा नायक

रविवारी दुपारी दोंडाईच्यात लाइट असली
तर आमच्या पुढच्या खोलीत
एक काळंपांढरं तळं भरतं.
तळ्यात होडी, होडीत नायिका,
आणि काठावर गाणारा तो,
ज्याला वल्हवता येत नाही.

मी मिरच्यांची देठं खुडत बसते.
लोटनआबा खुर्चीत, पाय पाटावर.
दर्शना खाली, मोबाइल टीव्हीला जोडून.
पंधरा दिवसांनी येते नाशिकहून,
आजोबांसाठी जुने गाण्यांचे सिनेमे शोधून आणते,
जशी आधी पाहुणी माणसं खारीक आणायची.

"आबा, ती तीनदा नाही म्हणाली.
मग हा झाडामागून परत का येतोय?"
आबा हसतात. "त्याबिगर गानं कसं व्हई?"
"म्हणजे गाण्यासाठी तिचं ऐकायचंच नाही?"

पंखा एक फेरी चुकतो.
माझ्या बोटांत मिरची फुटते.
असल्या प्रश्नाला या घरात बसायला जागा नव्हती.
आता आहे. स्टुलावर, रिमोटशेजारी.

आबा बराच वेळ तळ्याकडे बघतात
आणि भलतंच सांगायला लागतात:
सारंगखेड्याची जत्रा, लग्नाचं दुसरं वर्ष,
घोड्यांच्या लिदीचा वास आणि तंबूतला सिनेमा.
माणसं पडद्यापुढे, बाया पडद्यामागे,
मधे ते एकच ओलं कापड.
परतीच्या बैलगाडीत आजी म्हणाली,
"तो डावरा व्हता ना?"
"येडी का काय? उजवा!"
गाडीवान हसला. सगळी गाडी हसली.

ते हसणं मग चाळीस वर्षं घरात राहिलं.
भाजीत मीठ जास्त झालं की निघायचं,
दुधाचा हिशोब चुकला की निघायचं:
"उनी, डावरा हिरोवाली!"
ती वाद घालत नसे.
तिनं पाहिलं होतं.

"ती पडदाना मांगे बठेल व्हती," आबा म्हणतात.
"ती गयी, मंग माले समजनं."

दर्शना काही बोलत नाही.
अंगठ्यानं मोबाइलवर काहीतरी करते
आणि चित्र उलटं होतं.
काठ तिकडचा इकडे येतो,
होडी परत निघाल्यासारखी दिसते.
तो झाडाखाली बसून चिठ्ठी लिहितोय,
डाव्या हातानं.

आबा पुढे सरकतात. पाट कलंडतो.
सबंध गाणं ते असं बघतात
जसं कुणाच्या तरी जागेवर
आज बसायला मिळालंय.
आणि पडद्यावरची नजर न काढता विचारतात,
"तुन्हा तो नाशिकवाला.
तो कोनता बाजूले बठस?"

मी मान वर करते.
मला कुणी नाशिकवाला माहीत नव्हता.

"भांडतो आम्ही, आबा," दर्शना म्हणते.
"मग तो विचारतो, तुला तिथून काय दिसलं?
रोज नाही विचारत. पण विचारतो."
"आन गानं?"
"भयानक गातो."
"मंग चालस," आबा म्हणतात.

मला आई म्हणून खूप विचारायचंय:
आडनाव, पगार, घरी कोण कोण,
आणि हे आबांना माझ्याआधी कसं कळलं.
पण डोळ्यांतून पाणी येतंय
आणि मिरचीच्या हातांनी ते पुसता येत नाही.
"औंदानी मिरची तिखट शे,"
आबा म्हणतात, माझ्याकडे न बघता.
तेवीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा
माझी बाजू घेतली, ती अशी.

आतल्या खोलीत हे मार्केटच्या पावत्या लावतायत.
आम्ही नेहमी शेजारी बसून सिनेमा पाहिला,
धुळ्याला बाल्कनीत, तिकिटं ह्यांनीच काढलेली,
मध्यंतरात समोसेसुद्धा.
कोणतं गाणं कुणाला आवडलं,
ते एसटीत विचारायचं राहून गेलं.

मी हाक मारते.
"काय गं?" ते आतूनच.
"हात धुते," मी म्हणते.
"मग विचारते."