तिरमाळचं मीठ

राळेगावच्या रस्त्यावर, जिनिंगच्या काट्यावर
भोजराज निखाडे गाड्या मोजता मोजता
रद्द पावत्यांच्या पाठीवर तिरमाळ रचायचा.
आधी नद्या. मग चंद्र, तीन.
त्यातला धाकटा आंधळा,
म्हणून वाट चुकतो, भर दुपारी उगवतो.
मग माणसं, ज्यांच्या भाषेत ‘उद्या’ला शब्द नाही,
आणि उडणारी जनावरं, ज्यांना पंख नाहीत,
नुसता हट्ट आहे.

शाळा सुटली की आम्ही चौघं टपरीत,
सरकीच्या वासात, एकाच पावतीवर आठ डोळे.
दुर्योधन मेश्रामला गणित यायचं,
रज्जाकला चित्रं.
मला फक्त लक्षात राहायचं.
इंदू पेंदाम महिनाभर काहीच बोलली नाही.
मग एका शनिवारी म्हणाली,
“भाऊ, यायले मीठ कुठून भेटते?”

भोजराजनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला.
सात राज्यं होती, दोन युद्धं,
नऊ पिढ्यांना पुरेल असा एक शाप.
मीठ नव्हतं.
बाहेर गाड्यांची रांग नाल्यापर्यंत गेली,
हमाल टपरीच्या पत्र्यावर थापा मारत होते,
आणि आत आम्ही पाच जण
मीठ शोधत होतो.

समुद्र पाहिजे, दुर्योधन म्हणाला.
समुद्र आमच्यात कोणी पाहिला नव्हता.
बेंबळ्याचं धरण पाहिलं होतं.
म्हणून तिरमाळच्या समुद्राला पलीकडचा काठ दिसतो,
काठावर बाभळी आहेत,
आणि उन्हाळा लागला की मधोमध
एका बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो.
रज्जाकनं त्यावर बगळा बसवला.

वाट इंदूनं आखली.
बैल नको, म्हणाली, बैल सगळ्याच गोष्टीत असतात.
मीठ खारी वाहतील.
म्हणून तर त्यांचं नाव खार.
आणि पाठीवरचे पट्टे? तिकडे ते रामाचे नाहीत.
एकेक पट्टा म्हणजे
एकेका नाक्यावर भरलेला कर.
भोजराजनं हे ऐकलं, पेन खाली ठेवला,
आणि आम्हाला पहिल्यांदा चहा पाजला.

पुढच्या हंगामात दुर्योधननं आपल्या वहीत राजाला मारलं.
भोजराज तीन दिवस अबोल.
“माह्या राजा मेला नाई.”
“आमच्या वहीत मेला,” इंदू म्हणाली,
“तुमच्या पावतीवर जिता ठेवा.”
शेवटी असं ठरलं:
आंधळा चंद्र उगवतो त्या दिवशी राजा मेलेला असतो,
बाकी दिवस दरबार भरतो.
दोन्ही इतिहास खरे. भांडायचं नाही.
(भांडलो. बारावीपर्यंत भांडलो.)

मग काट्यावर कॉम्प्युटर आला.
पावत्या पातळ, गुळगुळीत, शाई महिन्यात उडायची,
पाठीवर पेन घसरायचा.
भोजराज बुटीबोरीला गेला म्हणतात,
कुठल्याशा कंपनीच्या गेटवर.
जाताना खोका इंदूच्या दारात ठेवून गेला,
चिठ्ठी नाही.

नोकरीत माझी बदली रत्नागिरीला झाली.
पहिल्याच संध्याकाळी किनाऱ्यावर
बराच वेळ पलीकडचा काठ शोधत उभा राहिलो.
वाटलं, कोणीतरी काम
अर्धवट सोडून उठून गेलंय.

परवा इंदूकडे खोका पुन्हा उघडला.
सातही राज्यांचे बाजार चाळले,
मिठाची दुकानं, धान्याची, सरकीचीही.
ओंजळीनं देतात. पायलीनंही नाही, ओंजळीनं.
ज्याची ओंजळ लहान त्याला दोनदा.
एवढ्या मोठ्या तिरमाळात
भोजराजनं कुठेच काटा ठेवलेला नाही.
इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं,
माझ्यासुद्धा.

निघालो तेव्हा अंगणाच्या भिंतीवरून खार पळाली.
शेजारची दोन पोरं,
ज्यांना भोजराज कोण ते माहीत नाही,
दगड टाकून उभी.
“मोज, किती नाके झाले?”
“तीन.”
“पाच. नीट पाह्य ना बे.”