भरलेला वजा रिकामा

घुग्गुस रोडवर, धरमकाट्याच्या केबिनमध्ये
मी ट्रक मोजते. आधी भरलेला, मग रिकामा,
आणि मधल्या वेळात आमचा एकच विषय:
ओव्हरबर्डनच्या तिसऱ्या अल्बमला प्रोड्युसर कोण?

ओव्हरबर्डन म्हणजे कोळशावरची माती,
काढून बाजूला जिचे डोंगर करतात.
बँडचं नाव तेच. आमच्याच कॉलनीची पोरं,
बेसवाला तर माझ्या भावाच्या वर्गातला, दोनदा नापास.

पहिले दोन अल्बम देवानंदभौ मेश्रामनं केले.
मंडप-डेकोरेशनचा माणूस. जिनिंगच्या रिकाम्या गोदामात,
सरकीची पोती भिंतीला लावून,
लग्नातले माईक उलटे टांगून.
आता म्हणतात, भौचं अन् गाणाऱ्याचं बोलणं बंद आहे.
काहून? कोणी म्हणते पैसा, कोणी म्हणते ड्रमचा आवाज,
बबिता आत्राम म्हणते, तेरवीच्या पंगतीत
एकानं दुसऱ्याला वाढलं नाही, तेवढंच.

असिफ पंक्चरवाल्याकडं बातमी पक्की असते:
"मुंबईचा येऊन रायला. पांढरी गाडी. म्या सोता हवा भरली."
टिकाराम म्हणतो, मुंबईचा कायले येईन बे इथं,
आदिलाबादचा आहे, तेलुगू पिक्चरचं काम करते.
पिठाच्या गिरणीत ड्रमरच्या मायनं सांगतलं,
पोरगा नवीन सदरा शिवून रायला.
सदऱ्यावरून नागपूर ठरलं.
मुंबईवाल्यासाठी कोणी सदरा शिवत नाही.

माझी भीती वेगळी.
पहिल्या अल्बमचं तिसरं गाणं, दोन मिनिटं अकरा सेकंद:
गिटार थांबते, आणि खाणीतला दोनचा ब्लास्ट येतो.
गोदामाची टिनं वाजतात, कोणीतरी खोकतं.
देवानंदभौनं ते काढलं नाही.
नवीन माणूस ऐकेल, म्हणेल हा कचरा कोणाचा.
स्वच्छ करेल आम्हाले.

सोमवारी तो दिसला.
नाल्याच्या काठावर, कानावर मोठ्ठे हेडफोन,
जमिनीत खिळे ठोकून पेटीला वायर जोडत होता.
आम्ही बाभळीमागं. असिफ, टिकाराम, बबिता,
दप्तरासकट आठवीची दोन पोरं,
आणि मी, काटा सोडून. मागं ट्रकांचे हॉर्न.
"पाह्य, जमिनीतून बेस घेऊन रायला," टिकाराम कुजबुजला,
आणि खरंच सांगते, त्याचे डोळे भरून आले.

दोन वाजले. ब्लास्ट झाला. बाभळीवरून बगळे उठले.
त्यानं पेटीत पाहून वहीत काहीतरी लिहिलं.
बबितानं सरळ जाऊन विचारलं. ती अशीच.
खाणीकडून आला होता तो. घरं किती हालतात ते मोजायला,
भिंतींना भेगा गेल्या म्हणून अर्ज दिले होते ना आपण,
त्याची चौकशी.
आणि ते हेडफोन नव्हतेच.
ऐकू येऊ नये म्हणून लावतात ते.

बराच वेळ कोणी हसलं नाही.
मग असिफ म्हणाला, तरी पण, आवाजाचं समजते त्याले.
संध्याकाळपर्यंत कायरला बातमी पोचली होती:
प्रोड्युसर आला, खिळे ठोकून गाणं काढते,
वहीत लिहून घेते, कोणाशी बोलत नाही.
आम्ही ती खोडली नाही.

गुरुवारी देवानंदभौचा टेम्पो काट्यावर चढला.
मंडपाचे जुने पाइप, भंगारात काढलेले.
विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलंही.
आकडा थरथरत होता, ठरत नव्हता.
"इंजिन बंद करा भौ," एवढंच म्हणाले.
त्यानं बंद केलं. आकडा ठरला.
त्या शांततेत भौ स्टेअरिंगवर बोटांनी
काहीतरी वाजवत होता, एके ठिकाणी अडकून
पुन्हा पहिल्यापासून.
पहिल्या अल्बमधलं नव्हतं ते. दुसऱ्यामधलंही नाही.

मी खाली मान घालून पावती फाडली.
म्हटलं, रिकामा घेऊन या, मग सांगते.