एक फुल, एक हाफ

हिंदुराव अंबी म्हणाला, तीन दिवसांचं भाडं आधी.
मग म्हणाला, संगट कोन?
मी बोट दाखवलं. मुकादम केव्हाच नावेच्या टोकावर,
एक कान उभा, एक पडलेला.
वाटेतल्या प्रत्येक उसाच्या ट्रॅक्टरवर ओरडून आलेला,
आता घरधन्यासारखा गप्प.
'कुत्र्याचं येगळं घेत न्हाई.'
घ्या की, म्हटलं, हाफ लावा.
सव्वीस वर्षं तासगाव डेपोत
मी कुणालाच फुकट नेलं नाही.

त्यानं काठी दिली, वल्हं दिलं,
पाणी उपसायला डालड्याचा डबा,
आणि तीन गोष्टी सांगितल्या:
भांडी नावेतच घासा.
दिवस बुडाल्यावर कुत्रं कडंला सोडू नका.
बंधाऱ्याचा आवाज आला की थांबा, तितं नदी संपती.

आमणापूर सुटलं.
डबल बेल कुणी दिली नाही,
तरी हात वर गेला, दोरी शोधत.

भिलवडीचा पूल म्हणजे मला अकरा सेकंद.
तासगाव-आष्टा, रोज चार वेळा.
अकरा सेकंदांत एक पास बघायचा, एक भांडण मिटवायचं.
म्हाताऱ्या खिडकी सरकवून नाणं टाकायच्या खाली,
हात जोडायच्या,
आणि मी त्याच बाईला, मावशी सुट्टे द्या,
मावशी म्हणायची, न्हाईत गं.
किती सुट्टे गेले या पाण्यात माझ्या देखत!

म्हणून सातच्या आधीच पुलाखाली नाव लावली.
स्टोव्हवर चहा. मुकादमला बिस्किटाचा अर्धा पुडा.
वर पाकोळ्यांची घरटी, त्यांच्याही वर
कुठल्यातरी महापुराची गाळाची रेघ, माझ्या डोक्यापेक्षा तीन माणसं उंच.
सात-दहाची गाडी सात-पंचवीसला आली.
खालून ऐकलं तर पूल बराच लांब आहे.
मी मान वर करून थांबले.
नाणं पडलं नाही.
उसाचं एक चिपाड पडलं,
ते मुकादमनं वरच्या वर झेललं.

दुसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही.
औदुंबरच्या घाटावरची घंटा पाण्यावरून उशिरा पोचली.
एका बाईनं धुणं थांबवून विचारलं, कुनाकडं चाललाय?
कुणाकडंच नाही, म्हटलं.
ती कपडा पिळेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी मळीच्या कडेला एक ओंडका होता.
ओंडक्यानं डोळा उघडला.
सायकलीवर भुंकणारा, ढगावर भुंकणारा,
स्वतःच्या शेपटीवर खेकसणारा मुकादम
भुंकला नाही.
माझ्या पोटरीला पाठ लावून बसला,
थरथरत, पण नीट, शहाण्या उतारूसारखा.
सवयीनं मी डोकी मोजली.
एक. दोन.
आणि तो, तीन.
त्याला कुठं जायचंय हे विचारायची
मला काही गरज वाटली नाही.
तो पाण्यात उतरला, आवाज न करता.
त्या रात्री आम्ही दोघं एका चादरीत.

बाराला शेतीची लाईट आली
आणि दोन्ही काठांवरच्या मोटरी एकदम सुरू झाल्या.
हजार तोंडांनी कुणीतरी पाणी पीत होतं अंधारात.
पहाटे बघते तर नावेची दोरी ताठ,
नदी वीतभर खाली गेलेली,
काल बांधलेली गाठ आता माझ्या हाताला येईना.

डिग्रजच्या बंधाऱ्याचा आवाज दुपारी आला,
आधी वाटलं, लांब कुठंतरी पाऊस.
हिंदुराव टेम्पो घेऊन आधीच हजर.
पिशवी उतरवली, स्टोव्ह उतरवला, डबा परत दिला.
मुकादमला म्हटलं, चला, शेवटचा स्टॉप.
तो हलला नाही.
टोकावर बसून राहिला,
बंधाऱ्याच्या पलीकडं नाक करून,
जिथं नदी पुन्हा सुरू होत असावी.
उतरा, म्हटलं. गाडी डेपोत जाणार.
एक कान उभा, एक पडलेला.

बस मग, म्हटलं.
सव्वीस वर्षांत हे मी कुणाला म्हणाले नव्हते.
हिंदुरावनं बिडी पेटवली.
त्यालाही घाई नव्हती,
भाडं आधीच घेतलेलं.