मऊ ओठाचा मासा

जूनचा शेवट. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी
उजेड जायचं नाव घेत नाही.
उत्तर ऑन्टारिओतलं हे सरोवर नकाशात निळं आहे,
आत्ता मात्र ते कथलाचं,
नुकतीच कल्हई केलेल्या पातेल्यासारखं.

इर्या लेहतोला मांडीभर पाण्यात उभी.
रबरी विजारीला डाव्या गुडघ्याशी ठिगळ,
टोपीच्या कडेला टोचलेल्या सात माशा,
एकही खरी नाही.
काळा दोरा, तांब्याची तार,
मानेशी पिसाचा एक तंतू:
नखावर मावेल एवढंसं सोंग.
खऱ्या त्या तळातून वर येताहेत,
चिलटांचे कोश, जन्मायच्या घाईत,
आणि त्यांच्या वाटेवर व्हाइटफिश,
ज्यांना कसलीच घाई नाही.

पाण्यावर आधी पाठीचा पर, मग शेपटीचं टोक,
चादरीखाली कुणी कूस बदलावी तसं.
हातभर पुढे पुन्हा.
ती मोजते. एक, दोन, तीन,
म्हणजे चौथ्यांदा तो त्या खडकाशी.
तो आहे तिथे माशी टाकायची नसते.
तो असणार आहे, तिथे.

"एकेक मासा?" तिचा बाप वेईक्को हसायचा.
"पोतं सोडून मुंगीसारखा
साखरेचा एकेक दाणा?"
चाळीस वर्षं त्याने जाळी ओढली,
नोव्हेंबरात, बोटांवर बर्फाची साल चढेपर्यंत.
मासा त्याला किलोत कळायचा,
पेट्यांत, ट्रकच्या फेऱ्यांत,
व्यापाऱ्याच्या ओल्या पावतीवर.
मग भाव पडले. मग होडी गेली.
मागल्या मार्चमध्ये अर्धं तोंड.

आता तो काठावर, घडीच्या खुर्चीत,
अंगावर ब्लँकेट, डोक्यावरून डासांची जाळी.
अखेर सापडलास जाळ्यात,
असं कुणीतरी म्हणायला हवं होतं,
पण घरात असले विनोद करणारा तोच होता.

तिला हे शिकवलं पलीकडच्या काठावरच्या
ॲम्ब्रोज वाबानोने.
"आमचा हा आदिकमेग," तो म्हणाला होता,
"पाण्यातला कॅरिबू. आणि ओठ बघ,
भिजलेल्या कागदाचा.
झटका दिलास, की ओठ तुझा, मासा पाण्याचा."

तंगूस थांबतो.
ओढ नाही, हिसका नाही. नुसता थांबतो,
बोलता बोलता कुणी शब्द विसरावा तसा.
इर्या काठी उचलते,
तापलेल्या कपाळावरून हात उचलावा इतकी हळू.
खाली काहीतरी जड, नाराज,
दोनदा मान हलवतं आणि खोलाकडे वळतं.
ती दोरी देते. परत घेते. पुन्हा देते.

काठावर ब्लँकेटखाली उजवा हात हलू लागलाय.
मूठ, मग मूठ, मग मूठ.
ती बघते. तिला माहीत आहे काय होणार,
तरी उलट्या पावली किनाऱ्याला येते
आणि दोरी त्याच्या बोटांत देते.

तो ओढतो.
दुसरं काय करणार? त्या हाताला
दुसरी भाषाच येत नाही.
उथळ पाण्यात एक चंदेरी कूस वळते,
एवढी मोठी! आणि दोरी
एकदम हलकी होते.

गळ परत येतो. त्याला चिकटलेला
काचेसारखा एक पातळ तुकडा.
वेईक्को तो जवळ धरून बघतो बराच वेळ,
मग जाळीखाली बोट घालून
स्वतःच्या ओघळल्या ओठाचा कोपरा चाचपतो.
"यक्सी," तो म्हणतो.
मार्चनंतरचा पहिला धड शब्द.
फिनिशमध्ये: एक.

तिला कळत नाही, एक गेला म्हणतोय,
की आणखी एक आण.
ती विचारत नाही.
टोपीवरची दुसरी माशी काढते,
गाठ थुंकीने ओली करून आवळते
आणि पुन्हा पाण्यात शिरते.
खडकाशी कूस बदलते.
एक. दोन.