अठरा अंशांची खोली

शारजा, इंडस्ट्रियल एरिया, दहा नंबर.
खाली बेअरिंगचा माल, वर पोटमाळा,
पोटमाळ्यावर एक खोली, खोलीत सर्व्हर.
आम्ही त्याला सासू म्हणायचो.

अठरा अंशांच्या वर पारा गेला की ती घुरघुरायची.
ऑगस्टात बाहेर अठ्ठेचाळीस,
फोर्कलिफ्टवर गुलजमान घामानं निथळतोय
आणि सासू आत, स्वेटर घालावं अशा थंडीत.
चार वर्षं मी फोन उशाशी घेऊन झोपलो.
एसी बंद पडला की मेसेज यायचा,
मग रात्री दोनला रोल्यातून टॅक्सी,
बर्फाच्या लाद्या, टेबलफॅन,
एकदा तर ओला टॉवेल पिळून तिच्या पुढ्यात टांगला,
तापातल्या माणसाची करावी तशी सेवा.

मग मार्चात धुळीचं वादळ आलं.
पिठासारखी वाळू, फटीफटीतून आत.
सासूनं डोळे पांढरे केले.
अकरा दिवस बिलं हातानं लिहिली,
आणि शशिधरनच्या अक्षरात एक नि सात सारखेच,
कलब्याच्या गिऱ्हाइकाला सत्तरऐवजी दहा पेट्या गेल्या.

तेव्हा अरबाबनी मारिसेलला बोलावलं.
वय सव्वीस, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग.
म्हणाली, सगळं क्लाउडवर न्या.
अरबाबनी खिडकीबाहेर पाहिलं:
"ढग? इथे?"

तिनं फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले.
स्वतःच्या व्हिलात जन्मलेल्या माणसाला काही कळेना.
आम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं.
इमारत दुसऱ्याची, वॉचमन दुसऱ्याचा,
वीज, कुलूप, गळका नळ, त्याचं त्यानं बघावं,
आपण खाटेपुरतं भाडं द्यायचं.
गावाहून भाऊ आला, आणखी एक खाट घ्या,
परत गेला, सोडून द्या.
"बेडस्पेस!" गुलजमान दारातून ओरडला.
मारिसेल हसली. तीही अल नहदात
सातव्या मजल्यावर पडद्याआड राहते.

"आणि भाडं थकलं तर?" शशिधरन.
"ट्रंक जिन्यात," मी म्हटलं.
ती म्हणाली, हो, जवळपास तसंच.
म्हणून एक प्रत दुसऱ्या मालकाकडे ठेवा.
हे मला पटलं. माझ्या आईनंही
पाटल्या एका घरी ठेवल्या होत्या, बोरमाळ दुसऱ्या.

तीन रात्री सामान हललं.
ना ट्रक, ना हमाल,
पडद्यावर फक्त एक हिरवी पट्टी, मुंगीच्या पावलानं.
सोळा वर्षांचा हिशेब गेला,
बुडीत खात्यांसकट,
आणि जिन्यात साधी चाहूल नाही.

मेमध्ये शिरोड्याला भाचीचं बारसं.
एक हात पाळण्याच्या दोरीला, दुसऱ्यात फोन,
फुजैराचा ट्रक निघालेला मला तिथून दिसला.
दहा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण महिनाभर रजा.
बायको म्हणाली, "रजेवर आहात ना?"
मी फोन पालथा ठेवला.
थोड्या वेळानं पुन्हा सुलटा केला.

परत आलो तोवर इथे जून सरत आला होता,
साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद.
एरवी पोरं ट्रकखाली आडवी व्हायची,
डांबराच्या वाफेत, तोंडावर रुमाल.
ट्रकखाली पाहिलं, कुणीच नाही.

वर गेलो. सासू नव्हती,
फरशीवर तिच्या चार पायांचे डाग तेवढे.
त्या डागांच्या मधोमध, पुठ्ठ्यांवर,
सहा माणसं झोपलेली.
गुलजमान घोरत होता, अगदी तिच्याच सुरात.
एसी कुणीतरी चोवीसवर आणला होता,
अठरा माणसाला सोसत नाही.

मी चपला काढल्या, दार हळूच लोटलं.
दारावर पाटी अजून तशीच आहे:
अधिकृत व्यक्तींनाच प्रवेश.