शेरा

खोरोगच्या वरच्या अंगाला, गुंत नदीच्या काठी
पाणी मोजायची पट्टी आहे, दगडात रुतवलेली.
माझी आई, नेकबख्त, तिच्यापाशी एकतीस वर्षं
सकाळी आठला उभी राहिली
आणि रात्री आठला.

मी दुशान्बेहून आलेय, तिथं यंत्र बसवायला.
खात्याचं पत्र, दोन बॅटऱ्या, एक अँटेना.
आईनं शीर-चाय पुढ्यात ठेवला, मीठ जास्त झालेला,
आणि एकतीस वह्या
रुखवतासारख्या मांडल्या सतरंजीवर.
"आधी वाच," म्हणाली. "मग बसव तुझं ते."

तारीख, वेळ, पातळी, बर्फ.
आणि शेवटचा रकाना, बोटभर रुंद: शेरा.

बाण्णव, मे. एकशे बेचाळीस. रस्ता बंद. शेवटची परीक्षा राहिली.
जून. एकशे अठ्ठ्याण्णव. रस्ता बंद.
जुलै. दोनशे एकतीस. पाणी गढूळ. गव्हाचं पीठ संपलं.
जानेवारी. काठाला बर्फ. तुतीच्या पिठाची भाकरी, तीही अर्धी.
पोटातलं लाथा मारतंय.

खाली कुणा साहेबाची लाल शाई:
*शेऱ्यात फक्त पाण्याविषयी लिहावे.*
त्याखाली आईचं वळणदार: *समजले.*

फेब्रुवारीत आकडे नाहीत.
दहा दिवस नुसता लाल लोकरीचा धागा, पानाला खळीनं चिकटवलेला.
आठ जाड गाठी, सात बारीक.
दुसऱ्या दिवशी आठ जाड, पाच बारीक.

शकरमो, माझी आजी.
सून घरात आली तेव्हा तिनं सुनेची पुस्तकं
पिठाच्या कणगीत दडवली होती,
"नदीवर जीव लावणारी चुलीला काय कामाची," म्हणून.
आई बाळंतीण पडली, तेव्हा तीच
कंदील घेऊन निसरड्या दगडांवरून उतरली.
दहाला जाड गाठ, एकाला बारीक.
बकऱ्या तशाच मोजायची ती.

लाल शाई: *हे काय आहे?*
आई: *पातळी.*

मार्च. ब्याण्णव. मुलगी रात्रभर रडते.
सप्टेंबर. एकशे दहा. दात आला.
(साहेबांनी इथं काही लिहिलेलं नाही.)
सत्त्याण्णव. कुर्बोनशो मॉस्कोला गेला. पातळी स्थिर.
अठ्ठ्याण्णव. पत्र नाही. पातळी स्थिर.
नव्व्याण्णव. पातळी.

मग दोन हजार एकच्या जूनमध्ये
दोन आठवडे आकडे वेगळेच, थरथरते.
सात आडवा पडलेला, चार उलटा.
मी पहिलीत होते तेव्हा माझ्या पाटीवर आजीही गिरवायची.
मी हसले की पाटी पुसून टाकायची,
मी झोपले की परत घ्यायची.
आई त्या दोन आठवड्यांत दुशान्बेत होती,
नऊ वर्षं तुंबलेली परीक्षा द्यायला.
त्या पानांवर शेऱ्याच्या रकान्यात
रोज एक रेघ. आडवी, नीट.
अक्षरं येत नव्हती तिला,
पण रकाना मोकळा ठेवणं बरं वाटलं नसावं.

परीक्षेचं काय झालं, वहीत कुठंच नाही.
विचारलं तर आई म्हणाली, "पास झाले की."
जणू मी चहात साखर आहे का, असं विचारलं होतं.
पगार सात रुपयांनी... नाही, सोमोनींनी वाढला.
"सात?" "सात."

दुपारी यंत्र बसवलं. दर दहा मिनिटांनी एक आकडा,
थेट दुशान्बेला, माणूस नको, कंदील नको.
हे मी तिला सांगत होते तेव्हा
ती माझ्या जॅकेटची चेन वर ओढत होती.

आठ वाजता टॉर्च घेऊन निघालीच.
मी मागोमाग.
वाकली, पाहिलं, पुन्हा वाकली.
"तुझ्यात किती?"
"एकशे अठरा."
"एकशे सोळा," म्हणाली. "तुझं चुकतंय."

चुकतच होतं. नळी वाकडी बसली होती.
मी घोट्यापर्यंत पाण्यात उतरले.
तिनं टॉर्च धरला,
दुसऱ्या हातानं माझी कॉलर.