खळं

सकाळी साडेसातला इनक्युबेटरचं दार उघडलं
की आधी वास येतो,
ओल्या भिंतीचा, शिळ्या ताकाचा.
मग प्लेटा.

सात नंबर बेड, आयसीयू. श्वासनळीतला स्राव.
गांगुर्डे रेवण पुंजाजी, वय एकोणपन्नास.
सातपूरच्या कारखान्यात शिडीवरून पडला,
मांडीचं हाड मोडून आला होता.
हाड जुळतंय म्हणे.

कालच कळायला हवं होतं.
गुलाबी, फुगीर, लाळेसारखी चकचकीत वसाहत,
तारेच्या टोकाने उचलली
तर धागा तुटेचना.
आई लाडवांचा पाक दोन बोटांत धरून बघायची,
एकतारी झाला का.
हा एकतारीच्या केव्हाच पुढे गेलेला.

त्यातलेच थोडे दुसऱ्या प्लेटवर सारवले
आणि वर औषधांच्या चकत्या ठेवल्या,
टिकल्यांएवढ्या, पांढऱ्या,
प्रत्येकीवर बारीक अक्षरं.
औषध चाललं तर टिकलीभोवतीची जागा रिकामी राहते,
चंद्राला खळं पडतं तशी.
मी पट्टी लावते, मिलिमीटर मोजते, वहीत मांडते.

आज पट्टी खिशातून काढलीच नाही.
अमिकॅसिन. खळं नाही.
मेरोपेनेम, जे त्याला सहा दिवस चालू आहे,
त्याच्या तर अंगाला खेटून उगवलेत,
आमंत्रण देऊन पाटावर बसवल्यासारखे.

डॉक्टर तस्नीम कोकणी चष्मा कपाळावर सारून बघतात.
"कोलिस्टिन लावलंत?"
लावलंय.
ते टिकलीवर कळत नाही,
त्याला खळगे-खळग्यांची थाळी, पातळ रस्सा,
आणखी एक रात्र.
बाकी औषधांपुढे एस लिहिता येतं, म्हणजे चालेल.
कोलिस्टिनपुढे आता ते अक्षरच नाही,
नव्या नियमात काढून टाकलं.
चांगल्यात चांगलं काय, तर आय.
मधलं.
त्यावर माणूस सोडायचा.

अकराच्या सुमाराला खिडकीशी सिंधूबाई,
कोपराला डायपरची पिशवी.
"ताई, मी पाय मोडलेला आणला होता हो.
छाती धड होती त्यांची.
हा जंतू घरचा का इथला?"

म्हटलं, रिपोर्ट डॉक्टर सांगतील.

ती थोडा वेळ उभी राहिली.
मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन गेली.

गेल्या महिन्यात नऊ नंबरला हाच होता, असाच लांबणारा.
त्याआधी हात धुवायच्या बेसिनच्या जाळीत.
मी लिहून दिलं होतं.
त्याची फाईल आहे, फाईलला नंबर आहे.

दुपारी प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये जातात.
एकशे एकवीस अंश, पंधरा पौंड दाब,
शिट्टी नसलेला मोठा कुकर.
तिथे सगळे मरतात, कुणी उरत नाही.
त्यात माणूस ठेवता येत नाही,
एवढीच अडचण.

संध्याकाळी होळकर पुलावर रिक्षा अडकली.
खाली कुणीतरी ओंजळीने पाणी डोक्यावर घेत होतं
आणि मी, सवयीने,
बोटांच्या फटी बघत होते.

घरी पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत.
धाकटी गच्चीवरून ओरडली,
"आई, लवकर ये, चंद्राला खळं पडलंय!"

मी जिन्यातूनच विचारलं,
केवढं?